शोस्ताकोविचचे रविवार

दिमित्री शोस्ताकोविच हे नाव आपल्या शाळेच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. मला ते नोकरीला लागल्यावर कळलं. विसाव्या शतकातला हा मोठा रशियन संगीतकार. १५ सिम्फनी आणि १५ स्ट्रिंग क्वार्टेट लिहिणारा. पण स्मरणिकेसाठी मी त्याला निवडलं ते त्याच्या फुटबॉलच्या वहीमुळे. सामन्यांचे निकाल, गोल करणाऱ्यांची नावं, संघांचे गुणतक्ते असं सगळं तो वर्षानुवर्षं लिहून ठेवायचा. दिवसभर तक्ते बघून पोट भरणाऱ्या माझ्यासारखीला हा माणूस लगेच आपला वाटला.

जन्म १९०६चा, सेंट पीटर्सबर्गचा. याच शहराचं पुढे लेनिनग्राड झालं. पियानोचे पहिले धडे आईनं दिले. १९२२मध्ये वडील गेले आणि घराला हातभार लावायला हा मुलगा मूकपटांच्या थिएटरात पियानो वाजवू लागला. शिक्षण संपताना लिहिलेली पहिली सिम्फनी १९२६मध्ये सादर झाली, तेव्हा तो अवघा १९ वर्षांचा होता. १९३०मध्ये त्यानं परदेश दौऱ्यावर गेलेल्या सोव्हिएत फुटबॉल संघावरच्या बॅलेचं संगीत केलं. म्हणजे मैदान आणि संगीत हे त्याच्या डोक्यात वेगवेगळ्या खोल्यांत राहत नव्हते.

गंमत म्हणजे त्या काळात त्याच्या देशात रविवारच नव्हता! १९२९मध्ये सरकारनं सात दिवसांचा आठवडा मोडला. कारखाने एक दिवसही थांबू नयेत म्हणून कामगारांचे पाच गट पाडले, प्रत्येक गटाची सुट्टी वेगळ्या दिवशी. नवऱ्याला सोमवारी सुट्टी, तर बायकोला गुरुवारी. हे वाचताना मला माझ्या सुरुवातीच्या नोकरीतलं ड्युटीचं वेळापत्रक आठवलं. सर्व्हर बंद पडता कामा नये, म्हणून आमच्याही सुट्ट्या अशाच विखुरलेल्या असायच्या. सुट्टी मिळायची, पण ती एकट्यानं झोपून काढायची. घरातले सगळे एकाच दिवशी मोकळे असले तरच त्याला सुट्टी म्हणावं, हे मी तिथे शिकले. सोव्हिएत सरकारनं १९३१मध्ये सहा दिवसांचा आठवडा आणून सुट्टी सगळ्यांना एकाच दिवशी दिली. आपल्या ओळखीचा रविवार मात्र परतला १९४०मध्ये.

मधल्या काळात शोस्ताकोविचवर मोठं संकट येऊन गेलं होतं. जानेवारी १९३६मध्ये स्टालिन त्याचा ऑपेरा बघायला आला आणि दोनच दिवसांनी 'प्रावदा'त त्या संगीतावर जहरी लेख छापून आला. तेव्हा अशा लेखाचा अर्थ नुसती वाईट समीक्षा एवढाच नसे. त्या वर्षांत माणसं रातोरात उचलली जात होती. त्याच मे महिन्यात त्याची मुलगी गालीना जन्मली, दोन वर्षांनी मुलगा मक्सीम. बायको नीना भौतिकशास्त्राची अभ्यासक होती. बाहेर ही दहशत, आणि हा माणूस सिम्फनी लिहीत होता, मुलं वाढवत होता आणि स्टेडियमवर जात होता. नीना घरी नसताना त्यानं एकदा झेनित या लेनिनग्राडच्या संघातल्या खेळाडूंना जेवायला बोलावलं, असंही सांगतात.

२२ जून १९४१. रविवार. मित्र ग्लिकमनबरोबर सामना बघायला जायचं ठरलं होतं. पण रस्त्यावरच्या लाउडस्पीकरवर परराष्ट्रमंत्री मोलोतोव यांचं भाषण सुरू झालं: जर्मनीनं हल्ला केला होता. परत मिळालेल्या रविवारला तेव्हा वर्षही पुरं झालं नव्हतं.

सप्टेंबरमध्ये लेनिनग्राडला वेढा पडला. आग विझवण्याच्या पथकात काम करता करता शोस्ताकोविच सातवी सिम्फनी लिहीत होता. ऑक्टोबरमध्ये त्याला बायकोमुलांसह बाहेर काढलं गेलं आणि वर्षअखेरीस त्यानं ती कुइबिशेवमध्ये पूर्ण केली. त्या हिवाळ्यात लेनिनग्राडमध्ये लाखो माणसं उपासमारीनं मेली. तरी ३१ मे १९४२ला तिथे फुटबॉलचा सामना झाला; दिनामो संघानं तो ६-० असा जिंकला. मग ९ ऑगस्टला त्याच शहरात सातवी सिम्फनी वाजली. रेडिओच्या वाद्यवृंदात वाजवू शकतील असे जेमतेम १५ जण उरले होते, म्हणून सैन्यातून वादक आणावे लागले. कार्यक्रमात तोफांचा व्यत्यय नको, म्हणून सोव्हिएत तोफखान्यानं आधीच जर्मन तोफांवर मारा केला.

कॅलेंडर मांडून बघायची मला सवय आहे. ३१ मे १९४२ रविवार होता. ९ ऑगस्टही रविवारच. हुकलेल्या सामन्यानंतर बरोबर ५९ आठवड्यांनी आलेला. आणि वेढा उठल्यावर सात महिन्यांनी, २७ ऑगस्ट १९४४ला, झेनितनं सोव्हिएत चषक पहिल्यांदा जिंकला, तोही रविवारीच. फुटबॉल आणि संगीत ही चैन आहे, पोटापाण्याचं झाल्यावर करायची गोष्ट आहे, असं आपल्याला लहानपणापासून ऐकवलं गेलं. त्या शहरानं पोटात अन्न नसताना ती केली.

१९४८मध्ये शोस्ताकोविचवर पुन्हा घाला आला. मॉस्को आणि लेनिनग्राड दोन्हीकडची शिकवण्याची नोकरी गेली. दहा वर्षांच्या मक्सीमला संगीतशाळेच्या परीक्षेत वडिलांच्या विरोधात बोलायला लावलं. आपल्या स्मरणिकेचे वाचक वर्गात शिकलेले किंवा वर्गात शिकवलेले आहेत. या एका वाक्याचं वजन त्यांना वेगळं सांगायला नको.

या मुलाला बापानं दिलेली भेट मला सगळ्यांत आवडते. १९५४मध्ये नीना गेली. १९५७मध्ये, मक्सीमच्या १९व्या वाढदिवशी, वडिलांनी खास त्याच्यासाठी लिहिलेला दुसरा पियानो कन्चेर्टो त्यानं स्वतः वाजवला. शेवटच्या भागात पियानोच्या विद्यार्थ्यांना रोज घोकावे लागणारे बोटांचे सराव, म्हणजे आपल्याकडचे पलटेच म्हणा, बापानं हळूच पेरून ठेवलेत. घरातली थट्टा सगळ्या जगासमोर वाजली! मक्सीम पुढे वाद्यवृंदाचा संचालक झाला आणि १९७२मध्ये वडिलांच्या शेवटच्या, पंधराव्या सिम्फनीचा पहिला कार्यक्रम त्यानंच केला. १९७५मध्ये शोस्ताकोविच गेला. तारीख ९ ऑगस्टच होती, लेनिनग्राडच्या त्या रविवारची.

आता माझ्या हाताखाली टीम आहे आणि वेळापत्रक मीच लावते. एक नियम मी पाळते: मुलं शाळेत जाणारी असतील, त्या सहकाऱ्याचा रविवार शक्यतो मोडायचा नाही. आपल्या वर्गातही गोल मोजणारे, पेटी वाजवणारे, तिकिटं जमवणारे होते. त्या वह्या कुणी अजून जपल्या असतील, तर येताना घेऊन या.