सुरांचा चित्रकार चुर्लियोनिस

लिथुएनिया हा बाल्टिक समुद्राच्या काठी वसलेला एक लहानसा देश. एकोणिसाव्या शतकात तो रशियन साम्राज्याच्या अमलाखाली होता. लिथुएनियन पुस्तके लॅटिन लिपीत छापण्यास १८६४ पासून १९०४ पर्यंत सरकारची बंदी होती. अशा या परतंत्र देशात २२ सप्टेंबर १८७५ रोजी मिकालोयुस चुर्लियोनिस याचा जन्म झाला.

त्याचे वडील द्रुस्किनिंकाय गावच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत. नऊ भावंडांचे ते कुटुंब, मिळकत बेताची. मिकालोयुस मात्र कानावर पडलेली चाल लहानपणीच वाजवून दाखवी. ओगिन्स्की नावाच्या एका सरदाराने त्याचे गुण हेरले. त्याने त्याला आपल्या वादकवृंदाच्या शाळेत घेतले आणि पुढे वॉर्सा व लाइपझिग येथील शिक्षणास साहाय्य केले. १९०२ साली हा आश्रयदाता निवर्तला व चुर्लियोनिसचा आधार तुटला.

तो वॉर्सास परतला आणि पियानोच्या शिकवण्या करू लागला. संगीतावर पोट भरणे आता शक्य होते. पण चित्रकलेची ओढ त्याला स्वस्थ बसू देईना. तिशी जवळ आली असताही १९०४ साली त्याने नव्या चित्रशाळेत विद्यार्थी म्हणून प्रवेश घेतला.

पाश्चात्त्य संगीतात सोनाटा नावाचा एक रचनाप्रकार आहे. त्याचे निरनिराळ्या गतींचे अनेक भाग असतात. चुर्लियोनिसने हीच रीत चित्रांत आणली. १९०८ सालचा त्याचा सागराचा सोनाटा तीन चित्रांचा आहे. शेवटच्या चित्रात एक प्रचंड लाट इवल्याशा नौकांवर झेपावते आहे. तिच्या फेसात त्याने स्वतःच्या नावाची आद्याक्षरे गुंफली आहेत. त्यापूर्वी, १९०७ साली, त्याने समुद्रावरच वादकवृंदासाठी एक मोठी संगीतरचना पूर्ण केली होती.

त्याच्या घरी पोलिश भाषा बोलत. तरुणपणी त्याने लेखिका सोफिया हिच्याकडून लिथुएनियन भाषा शिकून घेतली. १९०९ साली तो तिच्याशी विवाहबद्ध झाला. लोकगीते त्याने स्वरबद्ध केली, तसेच १९०७ सालच्या विल्नियुस येथील पहिल्या लिथुएनियन कलाप्रदर्शनासाठी तो झटला.

परंतु चित्रांना गिऱ्हाईक मिळेना. दारिद्र्य आणि अतिश्रम यांनी त्याचे मन खचले. १९०९ च्या अखेरीस तो आजारी पडला. १९१० साली त्याला कन्या झाली, पण तिचे मुखही त्याला पाहावयास मिळाले नाही. १० एप्रिल १९११ रोजी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, त्याचे देहावसान झाले.

त्याची समुद्रावरील संगीतरचना १९३६ साली प्रथम वाजविली गेली. ती ऐकावयास तो नव्हता. त्याची बहुतेक चित्रे आज स्वतंत्र लिथुएनियातील कौनास शहरी, त्याच्याच नावाच्या संग्रहालयात, जपून ठेविली आहेत.