नाणेघाटाचे अंक वाचणारे पंडित भगवानलाल इंद्रजी

जुन्नरच्या पश्चिमेस नाणेघाटाच्या माथ्यावर जे लेणे आहे, त्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख कोरलेला आहे. यज्ञप्रसंगी वाटलेल्या गाई, घोडे व कार्षापणांची त्यात मोजदाद आहे. दक्षिणेचा हा हिशेब आपल्या अभिमानाचा विषय नव्हे. पण भारतातील अतिप्राचीन अंकचिन्हे त्याच्यामुळेच टिकली, हे इतिहासाच्या शिक्षकाने मान्य केले पाहिजे. ही चिन्हे उलगडण्याचे मोठे श्रेय पंडित भगवानलाल इंद्रजी यांचे.

१८३९ साली जुनागढ येथे त्यांचा जन्म झाला. जवळच गिरनारच्या पायथ्याशी अशोकाचा शिलालेख. जेम्स प्रिन्सेपने उलगडलेल्या वर्णमालेचा तक्ता हाती घेऊन ते तरुण वयातच तो वाचू लागले. विद्यापीठाची पदवी नव्हती, इंग्रजीही बेताचेच. पुढे त्यांचे गुजराती निबंध इतर विद्वान इंग्रजीत आणीत. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यांना मुंबईस आणले आणि १८७४ मध्ये डॉक्टरांचे निधन होईपर्यंत ते त्यांच्यासाठी लेण्यालेण्यांतून शिलालेखांचे ठसे घेत हिंडले.

नाणेघाटाच्या अंकांवरील त्यांचा निबंध १८७६-७७ च्या सुमाराचा. या लेखनात शून्य नाही, स्थानमूल्य नाही. दहा, वीस, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हे आहेत. शंभराच्या चिन्हाला एक रेघ जोडली की दोनशे, दोन रेघा जोडल्या की तीनशे.

आठवीच्या वर्गात मी ही तीन चिन्हे फळ्यावर काढतो आणि चारशे कसे लिहाल, असे विचारतो. सारा वर्ग तीन रेघा काढतो. मग खरे चिन्ह दाखवतो : शंभराला चाराचे चिन्ह जोडलेले. वर्ग क्षणभर गप्प होतो. त्यानंतर सातशे विचारले की मुले बिनचूक सांगतात. हजाराला चार जोडून चार हजारही करतात. आंबेगाव तालुक्यातील एका वाडीतून आलेल्या मुलीने मात्र एकदा मला अडवले. एकदा नियम मोडला, तर पाचशेही याच रीतीने असेल कशावरून, असा तिचा प्रश्न होता. नाणेघाटाच्या तक्त्यात पाचशे नाही. केवळ या लेखावरून आपले उत्तर अंदाजच राहील, असे मी तिला सांगितले. इतका चांगला प्रश्न मला महाविद्यालयातही कोणी विचारला नव्हता.

पंडितजींनाही हा मोह सुटला नाही. पोथ्यांत अंकांच्या जागी अक्षरे लिहिलेली त्यांनी पाहिली होती. त्यावरून प्राचीन अंकचिन्हे मुळात अक्षरेच असावीत, असे त्यांनी मांडले. पण कोणत्या अंकाला कोणते अक्षर व का, याचा नियम त्यांना देता आला नाही आणि पुढील अभ्यासकांत या मतावर एकवाक्यता झाली नाही. चिन्हांची त्यांनी ठरवलेली बरीचशी मूल्ये मात्र टिकली.

१८८२ साली त्यांनी सोपाऱ्याचा स्तूप उकलला. आतील दगडी पेटीत आठ बुद्धमूर्ती आणि भगवंतांच्या भिक्षापात्राचे मानले गेलेले तुकडे मिळाले. लायडन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. १८८८ च्या मार्च महिन्यात मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांनी मिळवलेले मथुरेचे सिंहशीर्ष त्यांच्या इच्छेनुसार ब्रिटिश म्युझियमला गेले. सोपाऱ्याचे अवशेष मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहेत.