थेंबे थेंबे : यारोस्लाव्ह हेरोव्हस्की

गेल्या वर्षी तोंडी परीक्षेत एका प्रश्नापुढे माझी दातखीळ बसली. बाहेर येताच तो प्रश्न विसरून जायचा, असे मी ठरवले. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या माझ्या दादाने ही हकीगत ऐकली आणि हेरोव्हस्कींची गोष्ट सांगितली. कलाशाखेच्या विद्यार्थ्याने एका रसायनशास्त्रज्ञावर लिहावे, याचे नवल वाटेल. त्याचे कारण एवढेच.

यारोस्लाव्ह हेरोव्हस्की यांचा जन्म २० डिसेंबर १८९० रोजी प्राग येथे झाला. वडील रोमन कायद्याचे प्राध्यापक. म्हणजे घर आपल्याच शाखेचे! मुलाचा ओढा मात्र विज्ञानाकडे. १९१० साली तो लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेला. १९१४ च्या उन्हाळ्यात सुटीसाठी घरी आला आणि महायुद्ध पेटले. परतीची वाट बंद झाली. लष्करी रुग्णालयात औषधे देण्याचे आणि क्ष-किरणांचे काम करीत त्याने अभ्यास चालू ठेवला.

१९१८ साली डॉक्टरेटच्या तोंडी परीक्षेत प्रा. कुचेरा यांनी त्यांना पाऱ्याच्या थेंबांविषयी विचारले. बारीक काचनळीतून गळणाऱ्या पाऱ्याला विद्युतदाब दिला की त्याचा पृष्ठताण बदलतो. पण मोजमापांत काही विसंगती दिसत होत्या. त्या का? परीक्षा संपली, पदवी मिळाली. हेरोव्हस्कींनी प्रश्न मात्र सोडला नाही. पुढे कित्येक महिने ते थेंब गोळा करून तोलत बसले. अखेर थेंबांचे वजन सोडून त्यांनी थेंबातून जाणारा वीजप्रवाहच मोजायचे ठरवले. १० फेब्रुवारी १९२२ रोजी त्यांना वाट सापडली.

युक्ती अशी : दाब हळूहळू वाढवत न्यायचा. द्रावणातील एखादा पदार्थ ठराविक दाबाला प्रतिसाद देतो आणि प्रवाह एकदम चढतो. आलेखावर पायरी उमटते. पायरी कोणत्या दाबाला आली यावरून पदार्थ ओळखायचा, तिच्या उंचीवरून त्याचे प्रमाण काढायचे. काही सेकंदांनी थेंब गळतो आणि नवा येतो. त्यामुळे पृष्ठभाग सदैव स्वच्छ.

हाताने दाब बदलून आकडे टिपणे फार वेळखाऊ होते. म्हणून १९२४ साली जपानी सहकारी मासुझो शिकाता यांच्यासह त्यांनी पोलॅरोग्राफ बनवला. तार गुंडाळलेले पिंप फिरे, तसा दाब समप्रमाणात वाढे. त्याच गतीने छायाचित्रणाचा कागदही फिरे आणि त्यावर प्रकाशकिरण आलेख रेखाटे. दाब आपोआप काबूत ठेवणारा ‘पोटेन्शिओस्टॅट’ इंग्लंडमध्ये हिकलिंग यांनी १९४२ साली मांडला. पण दाब यंत्राच्या हाती सोपवून विश्लेषण करण्याची वाट प्रागनेच घालून दिली होती.

१७ नोव्हेंबर १९३९ रोजी नाझींनी चेक विद्यापीठे बंद केली. नऊ जणांना गोळ्या घातल्या, बाराशेहून अधिक विद्यार्थी छळछावणीत धाडले. अशा काळात बोम नावाच्या नाझीविरोधी जर्मन प्राध्यापकाने हेरोव्हस्कींना आपल्या प्रयोगशाळेत काम चालू ठेवू दिले. विद्यार्थी छावणीत असताना आपण थेंब मोजत बसावे का? मी या जागी बराच अडखळलो. दादाचे मत, काम थांबले असते तर नाझींचेच फावले असते. मला ते अर्धेच पटते. पण शत्रूच्या गोटातही एक माणूस माणसासारखा वागला, हे मात्र मनात राहिले.

१९५० साली पोलॅरोग्राफीची स्वतंत्र संस्था त्यांच्या हाती आली. १९५९ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तो मान मिळवणारे ते पहिले चेक नागरिक. २७ मार्च १९६७ रोजी त्यांचे निधन झाले. प्रागमधील संस्था आज त्यांच्या नावाने ओळखली जाते.

कुचेरा १९२१ सालीच वारले. आपल्या प्रश्नाचे काय झाले, हे त्यांना कळलेच नाही. मित्रहो, तोंडी परीक्षेत आपण गप्प बसतो, यात लाज नाही. प्रश्न दाराबाहेर टाकून देतो, यात आहे. मी माझा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे. उत्तर अजून मिळालेले नाही.