उघड्या दाराचा धर्मगुरू

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. पहाटे चारच्या बसने मी बेळगावात उतरलो. थंडी चांगलीच बोचत होती. वाटेत एका देवळाच्या पायरीवर एक म्हातारा पोत्यात पाय खुपसून, अंग चोरून बसला होता. देवळाला कुलूप होते. मी मफलर सावरला आणि तसाच पुढे गेलो. पुढे वाचनालयात डिक शेपर्ड यांचे चरित्र हाती आले आणि ती पायरी पुन्हा आठवली.

ह्यू रिचर्ड लॉरी ऊर्फ डिक शेपर्ड यांचा जन्म १८८० साली विंडसर येथे झाला. वडीलही धर्मगुरूच. केंब्रिजचे शिक्षण झाल्यावर ते लंडनच्या बेथनल ग्रीन या गरीब वस्तीत काम करू लागले. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी काही काळ फ्रान्समध्ये सैनिकांची सेवा करून १९१४ च्या अखेरीस ते ट्रफाल्गार चौकातील सेंट मार्टिन चर्चचे प्रमुख झाले.

ज्या संत मार्टिनचे नाव या चर्चला आहे, तो चौथ्या शतकातला रोमन सैनिक. कडाक्याच्या थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला त्याने आपला झगा तलवारीने कापून अर्धा दिला, अशी आख्यायिका आहे. शेपर्डनी ती केवळ प्रवचनात सांगितली नाही. चर्चचे दार त्यांनी रात्रंदिवस उघडे ठेवले. जवळच्या चेअरिंग क्रॉस स्टेशनवरून ये-जा करणारे सैनिक तळघरात विसावू लागले. युद्ध संपले, सैनिक गेले, बेकार व बेघर आले. जेथे एके काळी मृतांना पुरत, तेथे जिवंत माणसांना ऊब मिळाली.

६ जानेवारी १९२४ रोजी याच चर्चमधून बीबीसीने उपासना प्रक्षेपित केली. चर्चमधून झालेले बीबीसीचे ते पहिलेच उपासना-प्रक्षेपण. पण शेपर्डना दम्याने पोखरले होते. १९२६ साली त्यांनी पद सोडले. पुढे कँटरबरीचे डीनपदही आजारपणामुळे सोडावे लागले. अखेरची वर्षे त्यांनी युद्धविरोधी चळवळीला वाहिली. ऑक्टोबर १९३७ मध्ये ग्लासगो विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी त्यांना रेक्टर निवडले. पराभूत उमेदवारांत विन्स्टन चर्चिल होते! त्यानंतर काही दिवसांतच, ३१ ऑक्टोबरला, शेपर्ड निवर्तले. बेघरांसाठीचे काम मात्र त्या चर्चच्या आश्रयाने आजही चालू आहे.

रात्रीचा निवारा म्हणजे घर नव्हे, बेकारीवरचा उपायही नव्हे, हे मी जाणतो. चोरीच्या भीतीने देवळांना कुलपे लागतात, हेही खरे. परंतु त्या पहाटे माझ्या हाताला तर कुलूप नव्हते! मग मफलर माझ्याच गळ्यात का राहिला?

यंदा आम्ही काही मित्र वसतिगृहातून घोंगड्या गोळा करणार आहोत. तो म्हातारा पुन्हा भेटेल की नाही, कोण जाणे. पायऱ्या मात्र पुष्कळ आहेत.