असाध्य रोग्यांची माउली

विख्यात अमेरिकन कादंबरीकार नॅथॅनियल हॉथॉर्न यांची धाकटी कन्या रोझ यांचा जन्म २० मे १८५१ रोजी झाला. वाङ्मयाचा वारसा लाभला, संसारसुख मात्र लाभले नाही. एकुलता एक मुलगा १८८१ मध्ये चौथ्या वर्षीच दगावला.

त्या काळी कर्करोग संसर्गजन्य असल्याची समजूत होती. असाध्य ठरलेल्या निर्धन रोग्यास इस्पितळात थारा मिळत नसे. त्यांची दैना पाहून १८९६ साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, रोझ यांनी तीन महिने शुश्रूषेचे शिक्षण घेतले. मग न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत भाड्याने बिऱ्हाड करून त्या स्वहस्ते रोग्यांच्या जखमा धुऊ लागल्या. रोग्याकडून वा नातलगांकडून एक पैही घ्यावयाची नाही, हा त्यांचा दंडक होता. १९०० मध्ये त्या व्रतस्थ धर्मभगिनी झाल्या. १९०१ मध्ये न्यूयॉर्कजवळ ‘रोझरी हिल’ हे शुश्रूषागृह उभे राहिले. ९ जुलै १९२६ रोजी त्यांनी देह ठेवला.

औषध थकले म्हणजे करण्याजोगे काही उरले नाही, असे आम्ही समजतो, आणि घरातील अशा रोग्याच्या खोलीत पाऊल टाकण्यासही कचरतो. त्या वेळी या साध्वीचे स्मरण आम्हांस धीर देवो!