मैदानावरचे मास्तर : सय्यद अब्दुल रहीम

हैदराबादेत नोकरीधंद्यानिमित्त येऊन स्थिरावलेल्या पुष्कळ मराठी कुटुंबांच्या आठवणी काचीगुडा आणि सुलतान बाजार या वस्त्यांशी निगडित आहेत. त्याच काचीगुड्यातील मिडल स्कूलमध्ये एके काळी एक तरुण शिक्षक मुलांना शिकवीत असत. पुढे त्यांनी साऱ्या देशाच्या फुटबॉलचे शिक्षकपद भूषविले. ज्या नगरीने आपणांस आपलेसे केले, तिच्या या सुपुत्राचे स्मरण मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत व्हावे, असे आम्हांस मनापासून वाटले.

सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबादेत झाला. उस्मानिया विद्यापीठाची पदवी घेऊन त्यांनी शिक्षकी पेशा पत्करला. काचीगुड्यानंतर उर्दू शरीफ, दारुल उलूम आणि चादरघाट या शाळांतून त्यांनी अध्यापन केले. स्वतः ते चांगले खेळाडू होते. पुढे शारीरिक शिक्षणाची पदविका मिळवून त्यांनी शाळेतील खेळांची जबाबदारी पत्करली. परंतु फळ्यापुढचा मास्तर मैदानावर गेल्यामुळे बदलला नाही. विद्यार्थ्याचे कच्चे काय आहे हे आधी हेरावे आणि नेमका तोच धडा त्याच्याकडून गिरवून घ्यावा, ही वर्गातली रीत त्यांनी चेंडूलाही लावली.

चेंडू पायाशी घोळवीत बसणे ही आपल्याकडील खेळाडूंची जुनी खोड. रहीमसाहेबांनी तिच्यावर व्याख्याने झोडली नाहीत. चेंडू घोळविण्यास मुळीच परवानगी नाही, अशा स्पर्धाच त्यांनी भरविल्या. चेंडू आला की तो पुढे द्यायचा, एवढेच. कोणाचा डावा पाय दुबळा, तर कोणाचा उजवा. म्हणून केवळ दुबळ्या पायाने खेळावयाचे सामने त्यांनी योजिले. ठेंगणी मुले धिप्पाड मुलांपुढे मागे पडू नयेत, यासाठी उंचीची मर्यादा घालून त्यांच्या वेगळ्या स्पर्धा घेतल्या. आमच्या मते रहीमसाहेबांचे खरे मोठेपण या साध्या युक्त्यांत आहे. पदके त्यामागून आली.

१९५० पासून हैदराबाद सिटी पोलीस संघ त्यांच्या हाताखाली तयार झाला. त्या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. १९५१ साली दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने इराणला नमवून सुवर्णपदक मिळविले. पुढच्याच वर्षी हेलसिंकीत युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा दारुण पराभव झाला. आपले बहुतेक खेळाडू तेथील थंडीत अनवाणी खेळले होते. या धड्यानंतर बूट सक्तीचे झाले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे त्रिभाजन होऊन मराठवाडा मुंबई राज्यात गेला. बरोबर एक महिन्याने, १ डिसेंबरला, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये रहीमसाहेबांच्या संघाने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरविले. त्यांतील तीन गोल मुंबईच्या नेव्हिल डिसूझाचे होते. ऑलिंपिक फुटबॉलच्या उपान्त्य फेरीत पोहोचणारे आशियातील पहिले राष्ट्र भारत ठरले. १९६० च्या रोम ऑलिंपिकच्या पथकात रहीमसाहेबांचे पुत्र शाहिद हकीम होते, परंतु त्यांना एकही सामना खेळावयास मिळाला नाही. घरात काय बोलणे झाले असेल ते असो. मास्तरांनी मुलाला वरचा नंबर दिला नाही.

१९६२ च्या जकार्ता स्पर्धेचे वातावरण आपल्याविरुद्ध तापले होते. इस्रायल व तैवान यांना इंडोनेशियाने प्रवेश नाकारला, त्याविरुद्ध भारताचे गुरुदत्त सोंधी यांनी आवाज उठविल्यामुळे जमाव खवळला आणि आपल्या वकिलातीवर हल्ला झाला. दुसऱ्या दिवशी, ४ सप्टेंबरला, अंतिम सामना होता. प्रतिस्पर्धी दक्षिण कोरियाने साखळीत आपल्याला २-० असे हरविलेले. डोक्याला टाके पडलेल्या जरनैलसिंगला रहीमसाहेबांनी बचावफळीतून काढून आघाडीवर खेळविले. आजारातून नुकत्याच उठलेल्या उंचपुऱ्या थंगराजला त्यांनी गोलमध्ये उभे केले. कोरियाचे खेळाडू उंच होते, हे त्यामागचे गणित. आदल्या रात्री त्यांनी मुलांजवळ सुवर्णपदकाची भेट मागितली, असे त्या संघातील खेळाडू पुढे सांगत. सुमारे लाखभर प्रेक्षक भारताची हुर्यो उडवीत होते. पाकिस्तानचा हॉकी संघ मात्र आपल्या मुलांना प्रोत्साहन देत होता म्हणतात! प्रदीपकुमार बॅनर्जी आणि जरनैलसिंग यांनी पहिल्या वीस मिनिटांतच गोल केले. कोरियाचा गोल अगदी शेवटी झाला आणि आपण २-१ असे जिंकलो.

त्यानंतर रहीमसाहेबांना फार दिवस लाभले नाहीत. सिगारेटचे व्यसन होते. फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांना ग्रासले. ११ जून १९६३ रोजी, वयाच्या अवघ्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. पुढे कित्येक वर्षे शहराबाहेर त्यांचे नावही फारसे कोणी घेत नसे. २०२४ मध्ये त्यांच्या जीवनावरील 'मैदान' हा हिंदी चित्रपट आला, तेव्हा नव्या पिढीला त्यांची ओळख झाली.

१९७० साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत भारताला फुटबॉलचे कांस्यपदक मिळाले. त्या संघाच्या प्रशिक्षकांपैकी एक होते रहीमसाहेबांचे शिष्य प्रदीपकुमार बॅनर्जी. जकार्तानंतर सुवर्णपदक मात्र फिरून आपल्याकडे आलेले नाही.