बोलके आकडे

शाळेच्या भिंतींवर आपण निरनिराळे तक्ते पाहतो. त्यांतील गणिताचा तक्ता पुष्कळदा विद्यार्थ्यांनीच तयार केलेला असतो. जाड कागद, पट्टी, कंपास आणि रंग एवढ्या साहित्यावर त्याचे काम भागते. असाच एक तक्ता १८५८ साली इंग्लंडात तयार झाला आणि हजारो सैनिकांच्या प्राणांचा प्रश्न त्याने राज्यकर्त्यांपुढे उभा केला. तो तयार करणारी स्त्री होती फ्लॉरेन्स नाइटिंगेल. रात्री हाती दिवा घेऊन रुग्णांची विचारपूस करणारी परिचारिका म्हणून जग तिला ओळखते. परंतु गणिताची निष्ठावंत उपासक म्हणून तिची ओळख थोड्यांनाच असते.

फ्लॉरेन्सचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी एका संपन्न इंग्रज कुटुंबात झाला. जन्मगावाचेच नाव तिला मिळाले. वडिलांनी तिला व तिच्या थोरल्या बहिणीला घरीच उत्तम शिक्षण दिले. फ्लॉरेन्सचा ओढा मात्र गणिताकडे होता. श्रीमंत घरच्या मुलीने गणितात बुडून जावे, हे तिच्या आईला रुचत नसे. पुढे परिचारिका होण्याचा मनोदय तिने बोलून दाखविला, तेव्हा तर घरात वादळच उठले. त्या काळी रुग्णसेवेचे काम हलके समजले जाई. फ्लॉरेन्सने वर्षानुवर्षे विरोध सोसला. पण निश्चय सोडला नाही. अखेर १८५१ साली जर्मनीतील कैझर्सवेर्थ येथे जाऊन तिने रुग्णसेवेचे शिक्षण घेतले.

१८५४ साली इंग्लंड क्रिमियाच्या युद्धात उतरले. जखमी सैनिकांची दुर्दशा वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध होताच देश हळहळला. सरकारच्या विनंतीवरून फ्लॉरेन्स ३८ परिचारिकांसह निघाली आणि नोव्हेंबर महिन्यात तुर्कस्तानातील स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयात पोहोचली. तेथील दृश्य भयंकर होते. इमारतीखाली गटारे तुंबलेली, हवा कोंदलेली, पाणी दूषित आणि उंदरांचा सुळसुळाट! तिने स्वच्छ कपडे, चांगले अन्न आणि औषधे यांची व्यवस्था केली. रात्रंदिवस ती झिजली. तरीही हिवाळ्यात माणसे मरतच राहिली. १८५५ च्या फेब्रुवारीत तर दर शंभर रुग्णांमागे सुमारे ४२ दगावले. मार्च महिन्यात इंग्लंडहून आरोग्यविषयक मंडळ आले. त्याने गटारे उपसली, पाणी शुद्ध केले, खेळती हवा आणली. जूनपर्यंत शंभरांतील मृत्यूंचे हे प्रमाण सुमारे दोनवर आले.

१८५६ साली फ्लॉरेन्स मायदेशी परतली. लोक तिचा जयजयकार करीत होते. पण तिचे मन त्यात रमेना. मेलेले सैनिक तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते. ते का मेले, या एकाच प्रश्नाने तिला ग्रासले. विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या साहाय्याने तिने मृत्यूंच्या नोंदी तपासल्या. १८५५ च्या एकट्या जानेवारीत सैन्यातील ३,१६८ माणसे मृत्यू पावली होती. त्यांपैकी जखमांनी मेलेले अवघे ८३, इतर कारणांनी ३२४ आणि टाळता येण्याजोग्या रोगांनी मेलेले २,७६१! शत्रूच्या शस्त्राने एक सैनिक मरत होता, तेव्हा घाणीतून उद्भवलेल्या रोगांनी तेहतीस मरत होते.

हे सत्य मंत्र्यांना पटवायचे कसे? आकड्यांचे लांबलचक रकाने कोण वाचणार? म्हणून तिने आकड्यांचे चित्र काढण्याचे ठरविले. तिच्या पहिल्या आकृत्यांत मृत्यूंचे प्रमाण केंद्रापासूनच्या अंतराने दाखविले होते. परंतु पाहणाऱ्याची नजर अंतरावर न जाता रंगविलेल्या क्षेत्रावर जाते. अंतर दुप्पट झाले की क्षेत्र चौपट होते. म्हणजे दुप्पट मृत्यू चौपट भासणार! चूक तिच्या बाजूला अनुकूल होती. तरीही तिने ती राहू दिली नाही. नव्या तक्त्यात तिने वर्षाच्या बारा महिन्यांसाठी बारा समान कोनांच्या पाकळ्या काढल्या आणि प्रमाण क्षेत्रफळाने दाखविले. चौपट मृत्यू दाखवायचे असल्यास त्रिज्या केवळ दुप्पट घ्यायची, असा तो हिशेब होता. रोगांसाठी निळा, जखमांसाठी लाल आणि इतर कारणांसाठी काळा रंग तिने योजला. एका बाजूस पहिल्या वर्षाचे निळ्या रंगाने फुगलेले मोठे फूल आणि दुसऱ्या बाजूस सुधारणांनंतरच्या वर्षाचे लहानसे फूल! जे वाचून कळले नसते, ते पाहताक्षणीच कळले.

त्याच वर्षी इंग्लंडच्या संख्याशास्त्रीय संस्थेने तिला सभासद करून घेतले. हा मान मिळविणारी ती पहिली स्त्री होय. लष्करी आरोग्यव्यवस्थेत सुधारणा सुरू झाल्या. १८६० साली लंडनमध्ये तिच्या नावाने परिचारिकांची शाळा निघाली. प्रकृती ढासळल्याने ती पुष्कळदा अंथरुणास खिळलेली असे. पण लेखणी थांबली नाही. ती भारतात कधीच आली नाही. तथापि येथील लष्करी छावण्यांतून माहिती मागवून तिने त्यांच्या अनारोग्याचा अभ्यास केला. पुढे तिचे लक्ष येथील खेड्यांतील रयतेच्या आरोग्याकडेही वळले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेशी तिने पत्रव्यवहार केला. १३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, तिचे जीवन संपले. तिचा जन्मदिवस आज परिचारिका दिन म्हणून जगभर पाळला जातो.

फ्लॉरेन्सच्या हातातील दिव्याने रुग्णालयातील अंधार उजळला, तर तिच्या तक्त्याने राज्यकर्त्यांच्या मनातील अज्ञान दूर केले. तुम्ही गणिताचा तक्ता तयार कराल, तेव्हा रंग भरण्यापूर्वी आपले मोजमाप खरे आहे ना, हे एकवार अवश्य पाहा. प्रत्येक आकड्यामागे एक माणूस उभा असतो, याचे भान तिला अखेरपर्यंत होते.